डब्याचा सायरन

बेसनाच्या लाडवांचा डबा उघडला गेला आणि स्वयंपाकघरात सायरन बोंबलला.

आई झाडू घेऊन धावली, बाबा अर्ध्या दाढीनिशी. ओट्यापाशी माझे आजोबा, आप्पा, उभे होते. डॉक्टरांनी गोड बंद केलेलं, आणि दोन्ही गाल फुगलेले.

याच आप्पांनी सकाळी मला बजावलं होतं, "मुलीच्या जातीला तारा-बॅटऱ्यांचे उद्योग कशाला? इंजिनिअरिंग नाही, आणि हॉस्टेल तर नाहीच नाही!"

"डब्याला सायरन कुणी बसवला?" बाबांनी विचारलं.

"मी. करंज्यांच्या डब्यालाही आहे. फ्रिजला उद्या बसवणार," मी म्हणाले.

आप्पांनी लाडू कसाबसा गिळला. मिशीवरचं बेसन पुसलं.

"पोर भलतीच हुशार आहे रे," ते बाबांना म्हणाले. "हिला इंजिनिअरच कर. चांगल्या लांबच्या हॉस्टेलला घाल. आजच!"