पाटीवरचं नाव

व्हिएन्नातल्या जुन्या स्टुडिओच्या भिंतीवर दिवंगत दिग्दर्शक इग्नाझची पाटी बसवली होती. पडदा सारायला त्याची थकलेली विधवा हर्मिना आली होती. खरं तर ते सगळे मूकपट तिनेच दिग्दर्शित केले होते. पण बाईचं नाव चालणार नाही म्हणून पडद्यावर नवऱ्याचं झळकायचं. "बाई, आज तरी सांगून टाका," तिचा म्हातारा कॅमेरामन वेन्झेल कुजबुजला. "कुणाला सांगू रे? पाय दुखतायत माझे." तिने पडदा सारला, टाळ्या पडल्या. वृत्तपत्राचा फोटोग्राफर पुढे आला तशी समारंभाला आलेले मंत्री आणि इतर मंडळी पाटीसमोर दाटीने उभी राहिली. तिला मात्र राहवेना. "मंत्रीसाहेब, डावीकडे सरका, पाटीवर सावली पडतेय. टोप्या काढा. आणि हसताय काय? माणूस गेलाय!" सगळे निमूटपणे हलले. वेन्झेलचा रिकामा हात जुन्या कॅमेऱ्याचं फिरवायचं हँडल धरल्यासारखा वर आला. "फिरवू, बाई?" "हं, फिरव," हर्मिना म्हणाली.