मनकर्णाआजीची हळद

नातीच्या कॉलेजात पीएचडीवाल्यांसाठी औषधाच्या कारखान्यातली मशीन आली. मिसळलेलं काहीबी द्या, एकेक वेगळं काढून दाखवते. मनकर्णाआजीनं मोहल्लाभर सांगून टाकलं, "आमच्या शुभांगीची मशीन चहातली साखर परत डब्यात भरते." वर नातीच्या अभ्यासाले घरची हळद दिली. "सोन्यावानी निर्मळ हाय, लिहून घे."

आठ दिवसांनी शुभांगी शेजारणींसमोरच म्हणाली, "आजी, तुह्या हळदीत तंबाखू निघाली."

बारा वर्सांपासून 'म्या तंबाखू सोडली' म्हणत गल्लीले उपदेश करणाऱ्या आजीले हळदीच्या डब्यात लपवलेली फुटकी पुडी आठवली. आपल्या मोठ्या तोंडाचं तिले सोतालेच हसू आलं.



"हळद राहू दे तिकडंच. तंबाखू वेगळी काढलीच हाय, तं तेवढी घरी आन माय."