कोबाल्टचा कौल

तळेघरच्या कुशाबाईंचा नातू तापाने फणफणला होता. त्याच्या घामेजल्या कपाळावर भगताने देवीचा म्हणून निळा कागद टेकवला. कागद गुलाबी झाला. "देवीचा नकार हाय. दवाखान्यात न्यायचं न्हाई." पोराला पाहायला आलेल्या विज्ञानशिक्षिका वृषालीने शाळेच्या प्रदर्शनातून हरवलेला, स्वतःच कोबाल्ट क्लोराइडच्या द्रावणात भिजवून वाळवलेला कागद ओळखला. "आजी, हे रसायन आहे. पाणी लागलं की गुलाबी, सुकलं की निळं. यात देवी नाही." "शास्त्र तुमच्या शाळंत ठेवा, बाई!" भगत खेकसला. वृषालीने कागद हिसकावून देवीपुढच्या समईच्या आचेवर धरला. तो निळा होताच कुशाबाईंनी लेकाला हाकारले, "पप्पू, जीप काढ! देवीनं कौल फिरवला, घोडेगावला दवाखान्यात न्यायचंय!" सारे देवीपुढे वाकले. पाण्याच्या रेणूंचे स्पष्टीकरण वृषालीच्या ओठांवर आले. पोराचे मिटते डोळे पाहून तिने ते गिळले आणि भगताशेजारी उभे राहून हात जोडले.