वरच्या अंगाला

संस्कृतीनं पीएच.डी.साठी लिहिलेला प्रोग्राम अखेर चालला. एक द्रव दुसऱ्यात कसा मिसळत जातो, ते लॅटिस बोल्ट्झमन या गणिती पद्धतीनं पडद्यावर दिसू लागलं. मग तिनं त्यात आपल्या गावच्या जमिनीचे आकडे भरले आणि उत्तर बघून मिळेल ती गाडी पकडली. घाटनांदूरला रेल्वेतून उतरून ती तडक घरी आली. सरपंच वडिलांपुढं तिनं लॅपटॉप उघडला.

"अण्णा, साखर कारखान्याच्या तळ्यातलं मळीचं पाणी जमिनीत झिरपतंय. दोन वर्षांत ते खालच्या वस्तीच्या विहिरीत उतरंल. लोकांना आजच सांगा."

गहिनीनाथरावांनी लॅपटॉप जवळ ओढून पडदा बघितला.

"बरोबर हाय. तळं खोदलं तवाच इंजिनियरनं मला हेच सांगितलं हुतं."

"मग तुमी काय केलं?"

"आपली बोअर तळ्याच्या वरच्या अंगाला घेतली."