मरळीचं कढण

गळाला टोचलेला बेडूक पाण्याखाली ओढला गेला, आणि त्याच घडीला मागच्या बांधावर पाचोळा वाजला. प्रयागनं मान वळवली. सासू उभी होती.

हातातली वेळूची काठी टाकून देता येत नव्हती आणि धरवतही नव्हती. मरळ ही मासळी बेडकाला आधी नुसती तोंडात धरते, मग सावकाश गिळते. तेवढा वेळ दोर ढिला सोडून वीस अंक मोजायचे. आधी हिसका दिला तर गळ रिकामा येतो. हे तिला पळसदेवला, भीमेच्या काठावर वडलांनी शिकवलं होतं. ती सात अंकांवर आली होती. पुढचे अंक तिला आठवेनात.

सिंधुबाईंच्या गळ्यात तुळशीची माळ होती. ती घातल्याला चौदा वर्षं झाली होती, आणि तेव्हापासून त्यांच्या उंबऱ्याच्या आत मासळी आली नव्हती. प्रयाग हे कबूल करूनच या घरात आली. चार वर्षांत तिनं माशाचं नावही काढलं नव्हतं.

पण चौतीस सालच्या कार्तिकात तिच्या नवऱ्याला, महिपतीला मुदतीचा ताप आला. एकवीस दिवसांनी ताप उतरला तेव्हा खाटेवर नुसता सांगाडा उरला होता. त्याची कूस बदलायला बायको आणि आई, दोघी लागत. वांगी घेऊन बारामतीच्या बाजाराला गेली तेव्हा प्रयाग डॉक्टरांना भेटून आली.

"अंगात ताकद भरली नाही तर मला भरवसा देता येणार नाही," डॉक्टर म्हणाले. "घरात चालत असेल तर मरळीचं कढण द्या."

घरात चालत नव्हतं. प्रयागनं विचारलंही नाही.

त्यांच्या रानाच्या खालच्या अंगाला कॅनॉलच्या पाझरानं दीड एकर जमीन कायमची पाण्याखाली गेली होती. पीक येत नव्हतं, पाणकणसं माजली होती. त्या गर्दीत मधूनच पाणी हलायचं आणि गडप असा आवाज व्हायचा. श्वास घ्यायला वर आलेल्या मरळीचा तो आवाज. चार वर्षं प्रयाग तो ऐकत होती आणि खाली मान घालून खुरपत होती.

आता ती भर दुपारी तिथं उतरायला लागली. मिळालेली मरळ घागरीत घालून रानातल्या खोपीत न्यायची, वेगळ्या मडक्यात शिजवायची, दोनदा फडक्यातून गाळायची आणि घरी येऊन सांगायची, कुळथाचं कढण आहे. दहा दिवसांत तीन मरळी झाल्या. कालच महिपती भिंतीला टेकून आपला आपण बसला होता.

आणि आज सासू बांधावर उभी होती.

"आत्याबाई," प्रयाग म्हणाली.

सिंधुबाई तिच्याकडं बघत नव्हत्या. त्या दोराकडं बघत होत्या. दोर हळूहळू पाणकणसांकडं तिरका सरकत होता.

"वढ आता," त्या म्हणाल्या.

प्रयागनं काठी उचलली. जड होतं. मरळीनं एकदा पाण्याबाहेर अंग टाकलं, हातभर लांब, काळंभोर, आणि थेट देठांच्या गर्दीत शिरली. दोर अडकला. आणखी ओढला असता तर तुटला असता. तोवर सिंधुबाई लुगड्याचा ओचा खोचून पाण्यात उतरल्या होत्या. गुडघाभर, मग मांडीभर. दोराच्या मागानं देठं बाजूला करत त्या आत गेल्या, खाली वाकल्या, आणि ते निसरडं, झटके देणारं अंग त्यांनी दोन्ही हातांनी छातीशी घट्ट धरलं. तशाच बांधावर आल्या आणि मरळ घागरीत सोडली. गळ्यातली माळ चिखलानं भरली होती.

प्रयाग खालीच बसली.

"मासा घरात न्हाय आणला कवाच, निस्तं गाळल्यालं कढण आणलं. भांडं बी येगळं हाय. खोपीतच शिजिवते."

"ठावं हाय मला."

"पर तुमची माळ…"

"माळंचं मी आन् द्येव बघून घिऊ." सिंधुबाई तिच्या शेजारी टेकल्या. त्यांना धाप लागली होती. "डागतरानं तुज्या आदी मला सांगितलं हुतं. आठ दिस आदी, मी औषीद आणाया गेले तवा. मी घरात कुणाला बोलले न्हाय. दोर आणला, गळ आणला, आन् हितं यिऊन बसले. चार दुपारी."

प्रयाग त्यांच्याकडं बघतच राहिली. "गावली न्हाय?"

"बेडकाला गळ टोचवंना माज्यानं. कणकेचा गोळा लावत हुते."

मरळ कणकेला तोंड लावत नाही. प्रयागला हसू आलं. तिनं ते आवरलं, पण सासूच हसली तेव्हा आवरलं नाही. हसता हसता ती रडायला लागली. सिंधुबाईंनी ओल्या हातानं तिची पाठ थोपटली.

"मग मला का न्हाय सांगितलं, आत्याबाई? मी धरली असती."

"कुठल्या तोंडानं सांगू? तुजी मासळी मीच बंद केली हुती." घागरीत मरळ पाणी उडवत होती. "मग येक दिस तू वाटी घिऊन माज्या म्होरनं गेलीस. म्हणालीस, कुळीथ हाय. मला वास आला. मी माजघरात जाऊन आडवी झाले, आन् म्हैन्याभरानं पयल्यांदा माजा डोळा लागला."