वाडीचं दर्शन

क्रूझ धक्क्यावरून सुटली आणि नेमका तेव्हाच कुमुदिनीबाईंच्या मुलाचा व्हिडिओ कॉल आला. त्याला सांगितलं होतं, भजनी मंडळ नरसोबाच्या वाडीला चाललंय. खरं कळलं, तर बाईंचं मंडळ कायमचं बंद.

“आई, मागे एवढं पाणी?”

“कृष्णामाई रे! दुथडी वाहतेय.”

तेवढ्यात जहाजाचा भोंगा वाजला.

“शंख!” शेजारच्या सरलाताई ओरडल्या.

“मग देऊळ दाखव की.”

आली पंचाईत! देवाचं नाव घेऊन बाईंनी फोन दूरच्या गेटवे ऑफ इंडियाकडे वळवला. नेटवर्क रडत होतं. पोराला नुसते धूसर बुरूज दिसले आणि बार्शीत बसल्या जागी त्यानं हात जोडले.

मागून सून डोकावली. तिचं माहेर कुलाब्याचं. ती क्षणभर बघतच राहिली, मग डोक्यावर ओढणी घेऊन तिनंही नमस्कार केला.

“आई, पुढच्या दर्शनाला मी पण येणार हं.”