दुखलं की दाबा

"दुखलं की दाबा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या आणि तारेच्या टोकाला असलेलं बटण त्यांनी तिच्या मुठीत दिलं. "पायात कळ गेली तर लगेच. वाट बघत बसू नका."

ती टेबलावर पालथी झोपली होती. टेबलाला मधोमध खिडकी, खिडकीत गार पाणी आणि त्या पाण्यात तिचं पोट. खालून ध्वनिलहरी सोडायच्या आणि गर्भाशयातली गाठ आतल्या आत भाजून काढायची. चिरणं नाही, टाका नाही. वीस वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या बाईला हे टाक्याविना काम काही खरं वाटत नव्हतं. पण पिशवी काढून टाकायला मन धजत नव्हतं, आणि दर महिन्याला रक्त जाऊन जाऊन ती शिलाई मशीनवर बसल्या बसल्या पेंगायला लागली होती.

गुंगीचं औषध बेतानंच दिलं होतं. डॉक्टरीणबाई शेजारी पडद्यावर नजर लावून बसल्या. पोटात आधी ऊब आली, मग चटका. मग उजव्या मांडीतून थेट टाचेपर्यंत बारीक कळ उतरली, सुईमागून दोरा ओढावा तशी.

तिनं दाबलं नाही. एवढ्यातेवढ्यासाठी कशाला? बाहेर बाकावर सासूबाई बसल्या होत्या. त्यांनी अशीच गाठ सात वर्षं अंगावर काढली होती, तोंडातून ब्र न काढता. शेवटी पिशवी गेलीच. घरात अजून कौतुक होतं ते त्या ब्र न काढण्याचं.

पुन्हा कळ आली. तिसऱ्यांदाही.

"डॉक्टर, थांबा!" पायथ्याशी उभी असलेली सिस्टर म्हणाली. "यांचं पाऊल बघा, कसं खालीवर होतंय. मला वाटलं, यांनी शिवायलाच घेतलं."

लहरी थांबल्या.

"दुखतंय?"

"थोडंसं. चालायचंच."

डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून तिच्या तोंडाजवळ आल्या. "ताई, पडद्यावर मला गाठ दिसते. दुखणं दिसत नाही. पायाची नस तिथे अगदी जवळून जाते. ती भाजली तर तुमचं मशीन कोण चालवणार? मुकाट सोसणारी बाई हवी असती तर मी पूर्ण भूलच दिली नसती का?"

ती ओशाळली.

"अंगठा हलवा बरं पायाचा."

सिस्टरनं वाकून पाहिलं. "हलला."

डॉक्टरीणबाईंनी नेम जरा बाजूला घेतला. या वेळी कळ नुसती मांडीपर्यंत आली आणि तिनं दाबलं. सगळं थांबलं. कोणी कपाळाला आठी घातली नाही, कोणी "आता काय झालं?" विचारलं नाही. दीड तासात तिनं अकरा वेळा दाबलं. त्यातलं एकदा तर उगीच, थांबतात का ते बघायला. थांबले.

दुपारी वॉर्डात सासूबाई तिच्या पलंगाशी स्टुलावर येऊन बसल्या.

"ओरडलीबिरडली नाहीस ना गं?"

"नाही. बटण होतं हातात. दुखलं की दाबायचं."

"दाबल्यावर काय होतं?"

"थांबतात."

"कोण, डॉक्टर?"

"सगळेच."

सासूबाई स्टुलावर जरा चुळबुळल्या आणि त्यांचा हात आपसूक कमरेकडे गेला.

"कंबर धरली ना, आई?"

"छे गं. सकाळपासून बसलेय, एवढंच. चालायचंच."

तिनं चादरीतून हात बाहेर काढला, मूठ वळली आणि अंगठा वर करून त्यांच्यापुढे धरला.

"दाबा."

"चल, काहीतरीच तुझं!"

तिनं मूठ तशीच धरून ठेवली. सासूबाईंनी आधी दाराकडे पाहिलं, कोणी येत तर नाही ना. मग बोट पुढे केलं, आणि हळूच दाबलं.